वेलांटीची जागा

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदली गेली. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे : ‘कन्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कृष्णाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. प्राचीन कारागीर आपले नाव सहसा मागे ठेवीत नाहीत. म्हणून कलेच्या इतिहासकारांना ही ओळ मोलाची वाटते. लिपीच्या इतिहासातही तिचा एक उपयोग आहे. ‘अंतेवासिना’ या शब्दात ऱ्हस्व इकार आहे, आणि ब्राह्मीत हा इकार अक्षराच्या माथ्यावर, उजव्या अंगाला काढीत. आज तोच शब्द देवनागरीत लिहिताना वेलांटी ‘स’च्या डावीकडे पडते. उच्चारात जो स्वर व्यंजनाच्या मागून येतो, तो लेखनात त्याच्या पुढे जाऊन बसतो. ही खूण उजवीकडून डावीकडे गेली कशी, आणि तिला पुन्हा उजवीकडे आणण्याचा प्रयत्न का फसला, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

हा पालट कोणी हुकूम काढून केलेला नाही. ब्राह्मीतील इकार म्हणजे एक लहानशी रेघ होती. लेखणीच्या ओघात ती वाटोळी झाली, तिचे टोक डावीकडे वळले, पुढे ते खाली लोंबू लागले आणि नागरी लिपीत अक्षराच्या डाव्या बाजूस त्याचा उभा दंड बनला. या स्थित्यंतरास शतकेच्या शतके लागली. कोणत्याही एका पिढीला आपण काही बदलीत आहोत याची जाणीवही झाली नसावी. एकाराचीही गत अशीच. मध्ययुगीन नागरी लेखांत व पोथ्यांत तो कित्येकदा अक्षराच्या आधी उभ्या दंडाच्या रूपाने येतो. तिला पडिमात्रा म्हणतात. कालांतराने ती मात्रा शिरोरेषेवर चढली आणि तेथेच राहिली.

महाराष्ट्रात तर दोन्ही रीती एकाच वेळी नांदत होत्या. पोथी बाळबोधीत लिहावयाची, दफ्तर मोडीत. मोडीत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळीत नसत; एकच वेलांटी असे आणि ती उजवीकडे काढली जाई. कारकुनाला हात न उचलता भराभर लिहावयाचे असे. अक्षर झाल्यावर मागे परतून वेलांटी काढणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. पोथी लिहिणाऱ्याला घाई नव्हती. त्याला वाचणाऱ्याच्या डोळ्याची चिंता होती. लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

छापखाने आल्यावर हा प्रश्न जुळाऱ्याच्या खणापर्यंत पोहोचला. डावीकडच्या दंडाचे वरचे वळण पुढच्या अक्षरावर झुकते. अक्षर अरुंद असो की रुंद, ते वळण त्यावर नीट बसावे लागते. म्हणून निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या ओताव्या लागत. देवनागरीला शेकडो खिळे लागत आणि इंग्रजीचे काम त्याच्या कितीतरी कमी खिळ्यांत भागे. टंकलेखन यंत्रात अडचण याहून मोठी होती, कारण त्यात कळा थोड्या आणि प्रत्येक ठशाची जागा ठराविक. टंकलेखकाला आधी वेलांटीची कळ दाबावी लागे, मग व्यंजनाची. म्हणजे बोलण्याचा क्रम मोडूनच बोटे चालवावी लागत. साहजिकच लिपी यंत्रास अनुकूल करावी, असा विचार बळावला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली, सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, काका कालेलकरांनी लिपिसुधारणेच्या कार्यास वाहून घेतले.

या विचाराचा कळस १९५३ साली लखनौ येथे झाला. उत्तर प्रदेश शासनाने भरविलेल्या त्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. तेथे ऱ्हस्व इकाराची वेलांटी उजवीकडे घ्यावी आणि दीर्घ वेलांटीपासून ती ओळखू यावी म्हणून तिचा दंड आखूड ठेवावा, असे ठरले. तर्काच्या दृष्टीने या ठरावात खोट काढणे कठीण होते. स्वर उच्चारात मागून येतो, तर लेखनातही मागून यावा. ब्राह्मीचा दाखला अनुकूल, मोडीचाही अनुकूल, आणि यंत्राची सोय तर उघडच होती.

तरीही हा बदल टिकला नाही. १९५७ साली वेलांटी पुन्हा डावीकडे आली. याचे कारण तर्कात नव्हते, वाचण्याच्या रीतीत होते. सरावलेला वाचक अक्षरे एकेक करून जुळवीत नाही. शब्दाची आकृती पाहताच तो ओळखतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल. हा भेद डावे-उजवे पाहून क्षणात कळतो. नव्या पद्धतीत तो दंडाच्या लांबीवर येऊन ठेपला. बारीक छपाईत, घाईच्या हस्ताक्षरात किंवा मंद उजेडात आखूड दंड कोणता आणि लांब कोणता हे ओळखणे जड जाई. शिवाय घरोघरच्या ग्रंथांत वेलांटी डावीकडे होती. नव्या पद्धतीत शिकलेल्या मुलाला आजोबांची पोथी परकी वाटली असती. ज्या सुधारणेने जुळाऱ्याचे श्रम वाचले असते, तिची किंमत वाचणाऱ्या प्रत्येकाने मोजावयाची होती.

असाच वाद एकविसाव्या शतकात संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उद्भवला. महाजालावरील पाने दाखविणाऱ्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या प्रत्येक पानाची एक खूण असते. फायलीच्या कडेवर डोकावणाऱ्या चिठ्ठीसारखी. तिला टॅब म्हणतात. ती पत्त्याच्या चौकटीच्या वर असावी की खाली, हा प्रश्न होता. गूगलच्या क्रोमने २००८ साली टॅब अगदी वर ठेवले. त्यामागे तर्क होता : पत्ता त्या त्या पानाचा असतो, म्हणून तो पानाच्या खुणेखाली असावा. शिवाय पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते. आणि पडद्याच्या कडेला चिकटलेले लक्ष्य मोठ्या लक्ष्यासारखेच वागते, कारण कडेपलीकडे दर्शक जाऊच शकत नाही. अॅपलच्या सफारीने फेब्रुवारी २००९ मध्ये चाचणी आवृत्तीत हीच मांडणी स्वीकारली; तक्रारी झाल्या आणि जूनमधील पक्क्या आवृत्तीत टॅब पुन्हा खाली आले. फायरफॉक्सने २०११ साली टॅब वर नेले, परंतु जुनी जागा निवडण्याची मुभा काही वर्षे ठेवली. पुढे पडदे रुंद झाले तसा तिसरा पक्ष उभा राहिला : टॅब बाजूला, एकाखाली एक असावेत, म्हणजे पुष्कळ पाने उघडी असली तरी नावे पूर्ण वाचता येतील. मायक्रोसॉफ्ट एजने २०२१ साली आणि फायरफॉक्सने २०२५ साली ही सोय दिली. मात्र ती कोणावर लादली नाही. क्रोमची मांडणी रुजली, कारण ते नवेच साधन होते. जुन्या साधनात तीच मांडणी आली तेव्हा कुरबूर झाली. जागेच्या गुणदोषांइतकेच सवयीचेही वजन असते.

वेलांटीचा वाद शेवटी संगणकानेच सोडविला. भारत शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, आणि क्रम उच्चाराचा : आधी ‘स’, मग इकार. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्येही इकार व्यंजनानंतरच साठविला जातो. पडद्यावर मात्र तो डावीकडे उमटतो. बोटांना बोलण्याचा क्रम मिळाला आणि डोळ्यांना ओळखीची आकृती. मधली उलथापालथ यंत्राने स्वतःकडे घेतली.

लखनौचे विद्वान चुकले असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर जे यंत्र होते ते वाकण्यासारखे नव्हते. म्हणून लिपीने वाकावे असे त्यांना वाटले. तीस-चाळीस वर्षांत यंत्रच लवचीक झाले. यंत्राची अडचण बहुधा तात्पुरती असते आणि वाचकाची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. ज्या खुणेकडे लाखो लोक दिवसातून शेकडो वेळा पाहतात, तिची जागा बदलू पाहणाऱ्याने, हा भार माणसावर टाकावयाचा की साधनावर, याचा निर्णय आधी करावा.