सृष्टिकथा, यज्ञ आणि पवनारचा बैल

बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात देव मनुष्याला प्राणिमात्रावर सत्ता चालविण्यास सांगतो. दुसऱ्या अध्यायात त्यालाच बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवतो. लिन व्हाइट यांनी १९६७ साली निसर्गाच्या ऱ्हासाचे मूळ ख्रिस्ती सृष्टिकल्पनेत शोधले, तेव्हापासून वाद बहुधा पहिल्या आज्ञेभोवतीच फिरत राहिला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सृष्टिकथा या संदर्भात सहसा कोणी वाचीत नाही. प्रजापतीने प्रजेबरोबरच यज्ञ उत्पन्न केला व तो तुमची कामधेनू होवो असे सांगितले, अशी ती कथा आहे. परंतु तेथील देवघेव मनुष्य आणि देव यांच्यामधील आहे. गाय येते ती केवळ रूपकापुरती!

पशू व भूमी यांविषयीचे कर्तव्य या शब्दात आले ते विनोबांच्या विवरणाने. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत त्यांनी यज्ञ म्हणजे सृष्टीची झीज भरून काढणे असा अर्थ सांगितला. पीक घेतल्याने जमिनीचा कस जातो. तो तिला परत दिला पाहिजे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा अर्थविस्तार होय; पण तो ग्रंथापुरता राहिला नाही. पवनारला धाम नदीच्या काठी परंधाम आश्रमात १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग झाला आणि बैलावाचून, केवळ हातांनी करावयाची ऋषिशेती तेथे सुरू झाली. बैलाला जुवाखालून सोडविणे एवढाच तिचा हेतू नव्हता; स्वतःच्या श्रमावर जगण्याचा आग्रह त्यामागे होता.

परंतु जू उतरलेल्या बैलाचे पुढे काय? पोळ्याला पूजला जातो तो कामाचा बैल; थकलेला बैल पोसणे लहान कास्तकाराला जड जाते. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गोवध बंद झाला, तरी निरुपयोगी ठरलेल्या बैलाच्या कत्तलीस दाखल्यानिशी मुभा राहिली. २२ एप्रिल १९७९ रोजी विनोबांनी पवनारला उपोषण आरंभिले, ते बंगाल व केरळ येथील गोवधबंदीसाठी. बैलाचा प्रश्न ऐरणीवर आला तो त्यांच्याच प्रेरणेने जानेवारी १९८२ मध्ये देवनारच्या कत्तलखान्यापुढे सुरू झालेल्या सत्याग्रहामुळे. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पवनारला त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये वळू व बैल यांनाही बंदी लागू झाली. विनोबांच्या अर्थाने पाहता झीज भरून काढण्याचा भार सृष्टीचा उपभोग घेणाऱ्या प्रत्येकावर येतो. म्हाताऱ्या बैलाच्या कडब्याचा भार मात्र प्रायः त्याच्या धन्यावरच राहिला.