घाटाचा राजा आणि अठ्ठेचाळिशीचा फलंदाज

आमच्या लहानपणीचे पुणे सायकलींचे. पहाटे दूधवाल्याची सायकल, दहाला कारकुनांच्या सायकली, सायंकाळी कॉलेजातल्या मुलामुलींच्या. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट दिसले की चौकातला पोलीस आनंदाने पुढे येई. अशा गावात मुंबई–पुणे सायकल शर्यतीचा दिवस म्हणजे सणच. शर्यत कोण जिंकतो यापेक्षा आम्हा पोरांना उत्सुकता असे ती बोरघाटाची. खोपोली सोडली, शिंगरोबाचे देऊळ मागे टाकले आणि खंडाळ्याला जो पहिला पोहोचला, तो ‘घाटाचा राजा’!

आमचे एक काका या दिवशी ठरलेले एक वाक्य बोलत, “तिशी उलटली की सायकलवाल्याने सायकल फक्त भाजी आणायला काढावी.” काकांचे म्हणणे घरात कोणी खोडून काढत नसे, कारण ते स्वतः चाळिशीत असून पर्वतीच्या पायथ्याशी सायकल हातात धरून चालत. पण मनात प्रश्न राहिला तो राहिलाच. उतारवयात शर्यत जिंकता येते काय? आणि एखादा जिंकलाच, तर तो विजय खरा त्याचा, की इतरांच्या गैरहजेरीचा?

प्रश्नाचा दुसरा भाग खवचट वाटेल. पण इतिहास चाळला की तोच आधी पुढे येतो. फ्रान्सच्या महाशर्यतीत, ‘तूर द फ्रान्स’मध्ये, सर्वांत वयस्क विजेता म्हणून आजवर नाव आहे ते बेल्जियमच्या फर्मं लांबोचे. १९२२ साली तो ३६ वर्षांचा होता. मात्र त्या वर्षी त्याने एकही टप्पा जिंकलेला नव्हता! पुढे असलेल्या हेक्टर ह्यूसगेमने मोडलेली सायकल बदलली म्हणून पंचांनी त्याच्या वेळेत एक तास वाढवला, आणि लांबो आपसूक वर आला. याहून मोठी गैरहजेरी निराळीच होती. १९१५ ते १९१८ या काळात शर्यत झालीच नाही, आणि त्या महायुद्धात पती-ब्रतों, फाबेर आणि लापीझ हे तीन माजी विजेते मारले गेले. जी तरुण पोरे १९२२ साली ऐन उमेदीत यायची, त्यांतली किती खंदकांत राहिली असतील याचा हिशेब कोणी मांडावा? लांबोच्या विजयाकडे पाहताना टाळी वाजवायला उचललेला हात थोडा थबकतो.

इटलीच्या जिनो बार्तालीची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्याने १९३८ साली ही शर्यत जिंकली, आणि पुन्हा जिंकली ती १९४८ साली, चौतिसाव्या वर्षी. दोन विजयांत दहा वर्षांचे अंतर! मधली चांगली वर्षे दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. १९४८ च्या जुलैत तो बराच मागे पडलेला असताना रोममध्ये कम्युनिस्ट पुढारी तोग्लियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशात यादवी होते की काय अशी वेळ आली. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी बार्तालीला दूरध्वनी करून जिंकण्याची गळ घातली, असे सांगतात. त्यानंतर बार्तालीने आल्प्सच्या चढांवर लागोपाठ तीन टप्पे मारले. (एका सायकलवाल्याने यादवी टाळली, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण इटलीतल्या आजोबांना ते पटते, आणि आजोबांशी वाद घालू नये.) इथेही गैरहजेरी होती. त्याचा तरुण प्रतिस्पर्धी फाउस्तो कॉपी त्या वर्षी उतरलाच नव्हता. पुढच्या वर्षी उतरला, पहिला आला आणि बार्ताली दुसरा.

आता शरीराचे शास्त्र पाहू. वयाबरोबर हृदयाची कमाल गती दर वर्षी जवळजवळ एका ठोक्याने उतरते. दम म्हणजे प्राणवायू वापरण्याची ताकद. बैठ्या माणसाची ती तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि व्यायाम न सोडणाऱ्याची त्याच्या निम्म्याने. आधी जाते ती झटक्याची ताकद, चिवटपणा मागाहून जातो. शिवाय आजचा थकवा उद्या सकाळपर्यंत उतरत नाही, आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत हेच मुख्य दुखणे.

सायकलवाल्याला एक सवलत मात्र आहे. दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून गेले तर वाऱ्याचा मारा चुकतो आणि सपाटीवर चौथा हिस्सा तरी श्रम वाचतात. कोणाच्या मागे लपायचे आणि नेमके केव्हा बाहेर पडायचे, ही अक्कल वयानेच येते. हॉलंडचा योप झूटेमेल्क १९८५ साली ३८ व्या वर्षी जगज्जेता झाला तो असाच. शेवटच्या दीड-एक किलोमीटरला नामांकित गडी एकमेकांकडे पाहत राहिले आणि म्हातारा निसटला! घाटात ही युक्ती चालत नाही. चढावर वेग मंदावतो, वारा उरत नाही, लपायला पाठ मिळत नाही. उरते ती छाती, मांड्या आणि अंगावरचे वजन. म्हणून बोरघाट खोटे बोलत नाही. पण घाटही काकांच्या बाजूने पूर्ण साक्ष देत नाही. २०१३ साली स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत डोंगरांतूनच जिंकणारा अमेरिकेचा क्रिस हॉर्नर ४१ वर्षांचा होता. एवढे करूनही पुढच्या मोसमासाठी त्याला संघ मिळता मिळेना. धंदेवाईक खेळात पाय थकण्याआधी मालकाचा विश्वास थकतो.

आणि इथेच मला पुण्याच्या एका माणसाची आठवण होते, ज्याला कोणी मालकच नव्हता. प्रा. दिनकर बळवंत देवधर, जन्म १४ जानेवारी १८९२, पुणे. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवावे आणि बाकीच्या वेळी क्रिकेट खेळावे, असा त्यांचा क्रम. १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते, आणि संघात त्यांचे नाव नव्हते. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

चाळिशीला ज्याची पाने मिटायची, त्याने पुढे काय करावे? १९३९–४० आणि १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तो देवधरांच्या नेतृत्वाखाली. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी स्वतः २४६ धावा काढल्या, तेव्हा वय होते ४८. १९४४ साली नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके, १०५ आणि १४१, आणि वय ५२!

खवचट प्रश्न आपल्या माणसालाही विचारला पाहिजे, नाहीतर लांबोवर अन्याय होईल. समोर कोण होते? नवानगरचा संघ काही १९३६–३७ च्या विजेतेपदाच्या वेळचा राहिला नव्हता, हे मान्य. खेळपट्टीही पुण्याची, देवधरांच्या ओळखीची. पण मुंबईविरुद्धच्या २४६ ला असा बट्टा लागत नाही. युद्धाने इथली मैदाने ओस पाडली नव्हती, रणजी सामने चालू होते, आणि ती मुंबई विजय मर्चंटांच्या काळातली होती. नागपूरच्या मातीत जन्मलेले सी. के. नायडूही याच जातीचे. होळकर संघाकडून पन्नाशीत द्विशतक, आणि १९५६–५७ च्या मोसमात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, रणजी सामन्यात ५२ धावा.

फलंदाजी आणि सायकल यांची तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. फलंदाजाला दोन चेंडूंमध्ये श्वास मिळतो, घाटात तो मिळत नाही, हे खरेच. पण जिथे नुसता चिवटपणा मोजला जातो तिथे सायकलही देवधरांच्या वाटेने जाते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी आलटून पालटून सायकल चालवत पुरी केली. दोघेही चाळिशीच्या आसपासचे. दोनच वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. आणि झटक्याची ताकद आधी जाते म्हणावे, तर २०२४ साली मार्क कॅव्हेंडिशने ३९ व्या वर्षी, तेही शेवटच्या धावपळीत, तूरमधला आपला पस्तिसावा टप्पा जिंकून सर्वांचा विक्रम मोडला!

देवधर १४ जानेवारी १९९२ रोजी शंभर वर्षांचे झाले आणि पुढच्या वर्षी ऑगस्टात गेले. फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी २०१७ साली, १०५ व्या वर्षी, तासाभरात २२ किलोमीटर ५४७ मीटर सायकल चालवली. काका हे ऐकायला राहिले नाहीत. त्यांची काळी सायकल अजून आमच्या जिन्याखाली आहे. मागच्या चाकात हवा राहत नाही, पण हॅंडलला भाजीच्या पिशवीची खूण स्पष्ट दिसते.