एसएमपीएसची बखर

गेल्या मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी माझा संगणक सुरू झाला नाही. बटण दाबले की पंखा अर्धा फेरा घेई, दिवा एकदा लुकलुके आणि सगळे शांत होई. चार-पाच वेळा बटण दाबल्यावर मात्र तो मुकाट्याने चालू झाला आणि दिवसभर त्याने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

हा संगणक मी २०१३ साली सुटे भाग आणून घरीच जोडला होता. जुन्या वाड्यांतून टिपलेल्या मोडी हिशेबवह्यांची बारा वर्षांची छायाचित्रे त्यात आहेत. त्यांपैकी एक वाडा पुढे पाडला गेला आणि त्यातल्या वह्या रद्दीत गेल्या. त्या वह्यांची साक्ष आता या हार्ड डिस्कवरच उरली आहे. दुसरी प्रत काढायला हवी हे मला कळत होते, पण ते काम मी नेहमीच्या सवयीने उद्यावर ढकलत आलो होतो.

संगणक दुकानात नेला. तिथे भर दुपारी तो पहिल्याच दाबात सुरू झाला. दुकानातला मुलगा हसून म्हणाला, "काका, याला काहीच झालेलं नाही." पुन्हा नेला तेव्हा म्हणाला, "मदरबोर्ड जातोय बहुतेक. बदलून टाका." मी रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या, बोर्डावरचा बटणासारखा सेल बदलला, तारा काढून पुन्हा खोचल्या. फरक शून्य. शेवटी धास्तावून एका रात्री छायाचित्रांची प्रत काढायला लावली. ती निघत असतानाच संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. सकाळी पाहतो तो ४१ छायाचित्रे अर्धवट: वरचा भाग स्पष्ट आणि खालचा नुसता करडा.

एवढे होईपर्यंत एका भागाकडे मी पाहिलेच नव्हते. कॅबिनेटच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी, जिला आपल्याकडे सगळे 'एसएमपीएस' म्हणतात. ती कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट आली होती. प्रोसेसर निवडायला मी महिनाभर घेतला होता. या पेटीचे लेबलसुद्धा वाचले नव्हते. संगणकाच्या इतिहासाची पुस्तकेही तेच करतात. त्यांत चिप असते, प्रोग्राम असतो, गॅरेजातली तरुण मुले असतात. भिंतीतली वीज चिपला सोसेल अशी करून देणारी पेटी क्वचितच असते.

घरगुती विजेचा दाब आपल्याकडे २३० व्होल्ट आणि दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने बदलणारी. संगणकाला हवी असते एकाच दिशेने वाहणारी पाच-बारा व्होल्टची वीज. जुना मार्ग सरळ होता: जड ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवायचा आणि उरलेला जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकायचा. १९७५ मध्ये सुट्या भागांच्या संचातून घरी जोडता येणारा अल्टेअर ८८०० आला, तो याच मार्गाने चाले. आठ व्होल्टच्या आसपासची ओबडधोबड वीज सगळ्या कार्डांना जाई आणि प्रत्येक कार्ड आपापल्यापुरती ती पाचवर आणी. उरलेल्या दाबाची ऊब होई.

दुसरा मार्ग विजेचे तुकडे करण्याचा. आवर्तने सेकंदाला हजारोंच्या घरात नेली की तेच काम मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर करतो आणि वाया जाणारी उष्णताही पुष्कळ घटते. कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या रेडिओत एक थरथरणारी पट्टी बॅटरीच्या विजेचे असेच तुकडे करी. पुढे पट्टीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. साठच्या दशकात हे तंत्र अवकाशयानांत आणि लष्करी यंत्रांत वापरले जात होते. जास्त दाब सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर आवाक्यात आल्यावर ते मिनीकॉम्प्युटरांत आले. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या कंपनीने बॉब मॅमानो यांनी रचलेली एसजी १५२४ ही नियंत्रक चिप बाजारात आणली आणि अनेक सुट्या भागांचे काम एका चिपमध्ये मावले.

१९७७ चा ॲपल टू या घडामोडींनंतरचा. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज नको होता. म्हणून रॉड होल्ट यांनी त्यासाठी थंड चालणारा, तुकडे करणारा वीजपुरवठा रचला. काम उत्तम होते. पण २०११ च्या आयझॅकसनलिखित चरित्रात जॉब्स सांगतात की आजचा प्रत्येक संगणक होल्ट यांचाच आराखडा उचलून वापरतो. हे वाचताना मला बखर आठवली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढताना बखरींवर जो आक्षेप घेतला, तो इथेही लागू पडतो: सांगणारा दरबारातला, नायक घरचा, आणि अस्सल कागद वेगळेच बोलणारा. कागद सांगतात की तंत्र आधीचे होते, आणि आजच्या पेट्यांची अंतर्गत रचना होल्ट यांच्या आराखड्याहून निराळी आहे. श्रेय एकट्या होल्ट यांचे नाही. कितीतरी कमी माहीत असलेल्या अभियंत्यांचे आहे.

पुढचा प्रवास वॅटमध्ये मोजता येतो. १९८१ च्या आयबीएम पीसीची पेटी ६३.५ वॅटची, १९८४ च्या एटीची १९२ वॅटची. एटीच्या काळात बोर्डाला वीज देणारे जोड दोन असत आणि ते उलटे बसले तर बोर्ड जळे. लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून संगणक जोडणाऱ्यांना म्हणूनच 'काळ्याला काळी' एवढे पक्के पाठ हवे: दोन्ही जोडांच्या काळ्या तारा शेजारी आल्या पाहिजेत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नमुना आणला आणि पेटी बोर्डाशी बोलू लागली. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही पाच व्होल्ट राहतात. बोर्डाने हिरवी तार काळीला जोडली की पेटी जागी होते. सगळे दाब जाग्यावर आले की करड्या तारेवर पाच व्होल्ट चढतात. ती पेटीची ग्वाही. ती मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करत नाही.

माझी तपासणी या तारांवरच झाली. पेटी बोर्डापासून सोडवली, बारा व्होल्टच्या तारांवर भार म्हणून मोटारसायकलचा दिवा लावला, हिरवी आणि काळी तार जोडली आणि मीटर लावला. दुपारी बाराच्या तारेवर ११.९ भरले. मर्यादा ११.४ ते १२.६. मीटरने पेटीला निर्दोष ठरवले.

इथे मी फसणार होतो. मग लक्षात आले की माझी तक्रार सकाळची आणि मोजणी दुपारची. दुकानातही तसेच झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत तीच मांडणी केली. करड्या तारेवर पाच व्होल्ट टिकेनात. काटा चढे आणि पडे. पेटीच्या जाळीतून केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब पाच मिनिटे सोडली आणि पुन्हा पाहिले. ग्वाही पहिल्याच वेळी आली, आणि टिकली.

ऊब मिळताच सुधारणारा दोष कपॅसिटरचा असतो. ॲल्युमिनियमची पत्री आणि द्रावणात भिजलेला कागद यांची ती गुंडाळी. तुकडे केलेल्या विजेच्या लाटा तीच सपाट करते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने द्रावण आटते. थंडीत उरलेलेही आळसावते. लाटा मग सपाट होत नाहीत, आणि मीटर सरासरी दाखवत असल्याने त्या दिसतही नाहीत. प्लग काढून पेटी दोन दिवस तशीच ठेवली, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात. माहीत नसणाऱ्याने ती उघडूच नये. आत तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली आणि तळाशी तपकिरी खपली.

या फुगण्याचाही इतिहास आहे. २००० च्या आगेमागे सदोष द्रावणाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत शिरले आणि ऐन तारुण्यात फुटले. एकट्या डेलने २००५ मध्ये त्यापायी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च मांडला. द्रावणाचे सूत्र चोरताना अपुरे चोरले गेले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. ती सिद्ध झालेली नाही. तीही बखरच. माझी पेटी त्या साथीतली नव्हे. तिने बारा उन्हाळे आणि भारनियमनाचे धक्के सोसले होते, एवढेच.

नवी पेटी घेतली, लेबल वाचून. दुसरी प्रतही काढली. जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावरून ४१ पैकी २६ छायाचित्रे परत मिळाली. १५ गेली. त्यांचा वरचा भाग आजही वाचता येतो: नावे, गावे, दाणे, कापड. त्या वह्यांत बेरीज पानाच्या तळाशी असे.