न मोजलेला दाब

मोटारीच्या इंजिनाचा संगणक पेट्रोल मोजत नाही, असे सांगितले तर पुष्कळांना आश्चर्य वाटते. तो मोजतो ती हवा. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण धरून तो किती पेट्रोल लागेल याचा हिशेब करतो आणि इंजेक्टर नावाची छोटी विद्युत झडप ठरावीक काळ उघडी ठेवतो. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना हा काळ जेमतेम दोन-तीन सहस्रांश सेकंद असतो. नळ किती वेळ उघडा होता यावरून बादलीत किती पाणी आले हे सांगण्यासारखाच हा प्रकार. पहाटे धो-धो आणि सकाळी आठनंतर करंगळीएवढी धार येणाऱ्या आपल्या गावांत असा हिशेब किती वेळा चुकेल, ते सांगायला नको. नळामागचा दाब ठरलेला असेल तरच वेळेवरून माप कळते. इंजिनातील हा दाब ठरलेला कसा राहिला आणि तो वाढला तर ओळखायचे कसे, याची हकीकत विज्ञानाच्या शिक्षकांनी पाहावी अशी आहे.

आधी हा प्रश्नच नव्हता. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास तयार केलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एका लहान भांड्यात साठे आणि एक तरंगता गोळा त्याची पातळी राखी. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट राखतो तशीच. तेथून वाहत्या हवेच्या कमी दाबामुळे पेट्रोल ओढले जाई. पंपाचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी भांड्यातील पातळी तीच. दाब फारच वाढला तर सुईची झडप हार मानी आणि पेट्रोल बाहेर सांडे. ‘ओव्हरफ्लो होतोय’ असे मेकॅनिक म्हणे, आणि ते त्याला डोळ्यांनी दिसे, नाकाला कळे. दोष स्वतःच ओरडून सांगत होता.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पहिला प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये जाहीर केला. मोजक्याच मोटारींत तो बसला आणि त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता व हादरे सहन न करू शकल्याने मागे पडला. बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेऊन जर्मनीच्या बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक ही प्रणाली बनवली आणि १९६७ मध्ये ती अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. अमेरिकेतील धूरविषयक कायदे कडक होऊ लागले होते. कार्ब्युरेटरच्या अंदाजपंचे मापाने भागणार नव्हते.

पेट्रोलचा दाब येथे सुमारे २ बार ठेवलेला असे. तो ठेवण्याचे काम एका साध्या डबीचे. डबीत रबरी पडदा, पडद्यामागे स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगला भारी पडला की पडदा मागे सरतो आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. या डबीला दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू होता. आमच्या मते तो मोहाचाच स्क्रू. दुसऱ्याच एखाद्या दोषाने इंजिन नीट चालत नसले, तर स्क्रू पिळून दाब वाढवावा आणि दोष झाकून टाकावा, ही सोय त्याने करून ठेवली होती. संगणकाला याचा पत्ता लागण्याचा मार्ग नव्हता. दाब मोजणारे जे यंत्र त्याच्याकडे होते ते हवेचा दाब मोजत होते. डी-जेट्रॉनिकमधील ‘डी’ म्हणजे जर्मन भाषेतील दाब, पण तो हवेचा.

दाब वाढला की पेट्रोल किती वाढते? दुप्पट दाबाला दुप्पट, हे विद्यार्थ्यांचे उत्तर चूक आहे. टॉरिचेल्ली यांनी सतराव्या शतकातच दाखवले की छिद्रातून येणाऱ्या धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हे वर्गात करून पाहता येते. उंच भांड्याला तळाशी छिद्र पाडा, वरून पाणी ओतत राहून पातळी एकदा छिद्रापासून १० सेंटिमीटरवर आणि एकदा ४० सेंटिमीटरवर कायम ठेवा, आणि दोन्ही वेळी दहा सेकंदांत पडलेले पाणी मोजा. उंची चौपट, पाणी सुमारे दुप्पट. इंजेक्टरचेही असेच. दाब दीडपट झाला तर दीडचे वर्गमूळ १.२२, म्हणजे पेट्रोल २२ टक्के जास्त. काळा धूर, पेट्रोलचा वास, ढासळलेले ॲव्हरेज. आणि संगणक मात्र आपण बरोबर माप दिले असेच समजतो.

पुढची सुधारणा १९७३-७४ मधील एल-जेट्रॉनिकची. येथे ‘एल’ म्हणजे हवा. इंजेक्टरच्या एका बाजूला पेट्रोलचा दाब असतो, तर दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब, आणि तो सतत बदलतो. इंजिन नुसते चालू असताना तेथे वातावरणापेक्षा सुमारे ०.६ बार कमी दाब असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की जवळजवळ वातावरणाइतकाच. धार ठरते ती या दोन्हींच्या फरकावर. म्हणून डबीच्या स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जोडली. मॅनिफोल्डचा दाब उतरला की पेट्रोलचाही तेवढाच उतरतो आणि फरक २.५ बारच राहतो. स्क्रू गेला, डबी कायमची बंद झाली.

निदानाची सारी युक्ती या नळीत आहे. दाबमापक लावून इंजिन नुसते चालू ठेवले तर काटा १.९ च्या आसपास हवा. नळी काढून तिचे तोंड बंद केले की तो २.५ वर चढला पाहिजे. नळी जोडलेली असतानाच काटा २.५ दाखवत असेल, तर नळी तुंबली किंवा चेंबली आहे. अशा गाडीत फरक ३.१ बार होतो आणि पेट्रोल सुमारे ११ टक्के जास्त जाते, पण फक्त गर्दीत रखडताना. घाटात पूर्ण जोर लावला की तक्रार नाहीशी होते. काटा दोन्ही वेळी फारच वर असेल, तर डबीतून निघणारे पेट्रोल टाकीऐवजी वेगळ्या भांड्यात सोडून पाहतात. तसे करताच दाब उतरला तर दोष परतीच्या नळीत; न उतरला तर डबीतच. (हे काम आगीच्या धोक्याचे आहे. ते गॅरेजातच व्हावे, शाळेच्या आवारात नव्हे.)

१९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक आला, आणि गोष्ट सोपी होण्याऐवजी अवघड झाली. पेट्रोल जास्त झाले की संवेदक कळवतो आणि संगणक इंजेक्टरचा काळ कमी करतो. म्हणजे दाबाचा दोष झाकला जातो. ही वजाबाकी मर्यादेबाहेर गेली की पुढच्या काळातील गाड्यांत दिवा लागतो आणि पी ०१७२ हा संकेतांक मिळतो. अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल जास्त. कारण तो सांगत नाही. मग निरोप आणणाऱ्या संवेदकालाच दोषी धरून बदलले जाते, आणि दोष राहतो तेथेच.

आपल्याकडे युरो-१ च्या तोडीचे निकष २००० साली देशभर लागू झाले. पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या त्याच सुमारास रस्त्यांवर वाढल्या आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मेकॅनिकांना दाबमापक विकत घ्यावा लागला. पुढे परतीची लांब नळीही गेली. पुष्कळ गाड्यांत डबी टाकीतच, पंपाशेजारी बसू लागली. तेथे वरील नळीची परीक्षा लागू पडत नाही.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी इलेक्ट्रॉनिक इंजिने मित्सुबिशीने १९९६ मध्ये आणली. आज अशा इंजिनांत दाब २०० ते ३५० बारपर्यंत जातो, आणि साधा दाबमापक तेथे कामाचा नाही. पण तेथे संगणक प्रथमच पेट्रोलचा दाब सतत मोजतो, आणि तो फार वाढला तर पी ००८८ असा वेगळा संकेतांकही देतो. मात्र मोजणारा संवेदकच कमी आकडा सांगू लागला, तर संगणक बिचारा दाब वाढवत नेतो, आकडा हवा तेवढा दिसेपर्यंत. पडद्यावर दाब अगदी बरोबर, नळीत मात्र जास्त, आणि पी ००८८ ची तर शक्यताच नाही. अशा वेळी जाणता मेकॅनिक दाबाच्या आकड्याकडे पाहत नाही. इंजेक्टरच्या काळात संगणकाने किती टक्के वजाबाकी केली आहे तो आकडा तो काढतो. तेथे उणे पंधरा किंवा उणे वीस दिसले की त्याचा हात दाबाच्या संवेदकाकडे जातो.