ज्या गाण्यात आपलं माणूस नाही

दुखवट्याच्या घरात ओळखीचं गाणं लावू नये, असा आमच्याकडं एक शिरस्ता आहे. भटजींना विचारून पाहिलं, शास्त्रात काही सापडलं नाही. तो आमच्या पणजीचा. गेलेल्या माणसाच्या तोंडचा अभंग, त्याच्या हातचा ठेका वर्षश्राद्धापर्यंत घरात वाजवायचा नाही. मात्र कधी न ऐकलेलं गाणं कुठून कानावर आलं तर त्याला अडवायचं नाही. पणजीला मी पाहिलेलं आठवत नाही. हे सगळं आजीकडून आणि आत्याकडून आलेलं, आणि दोघींचं एकमेकींशी कधी जुळलं नाही.

आमच्या कळंब्यात आज निम्मं कोल्हापूर येऊन राहिलंय. माझ्या लहानपणी तळ्याच्या अलीकडं ऊस आणि पलीकडं माळ, एवढंच. कात्यायनीच्या डोंगरातलं पाणी तळ्यात यायचं आणि तळ्यातलं शहरात, मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यापर्यंत जायचं. ‘कोल्हापूरकर आमचंच पाणी पित्यात,’ हे आजी पाव्हण्यांना चहा देताना हमखास सांगायची, जणू पाणी तिनंच सोडलंय.

1896 साली प्लेग मुंबईत आला आणि दोन-तीन वर्षांत आमच्याकडं पोचला. म्हातारी माणसं प्लेग म्हणत नसत; ‘गाठीचा ताप’ म्हणत, तसा 1918 चा फ्लू त्यांच्या बोलण्यात ‘मानमोडी’. घरात उंदीर पडला की चूल विझवायची आणि बाहेर पडायचं. शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत राहायला लावलं होतं. आमच्या माळावरही खोपटी पडली, असं आजी सांगे. पणजोबा त्यातल्याच एका खोपटात वारले. ते भजनात अभंग म्हणायचे. त्यानंतर शेजारच्या खोपटातून अभंगाचा सूर निघाला की पणजी उठून उसात जाऊन बसायची.

मग एक दिवस एक शाहीर आला. डफ आणि तुणतुणं, पाठीमागं झीलकरी एकच. खोपट्यांपासून लांब, बांधावरच उभा राहिला आणि गायला. आत्यानं पुढं त्याला थेट लहरी हैदर करून टाकलं होतं. शाहू महाराजांच्या काळच्या कोल्हापुरातलं ते मोठं नाव. आमच्या वडलांना ते पटायचं नाही, ते म्हणायचे, कुणीतरी पोटासाठी फिरणारा असणार. काय गायला, ते कुणालाच सांगता येईना. पणजीनं म्हणे त्याला ओंजळभर कण्या घातल्या, आणि जाऊबाईनं ‘अगं, दुखवट्यात गाणं ऐकलंस?’ म्हणून टोकलं तेव्हा म्हणाली, ‘त्या गाण्यात आमचं माणूस नव्हतं गं, म्हणून ऐकलं.’ एवढं वाक्य मात्र आजी आणि आत्या दोघी अगदी सारखं सांगायच्या.

त्याच सुमाराला चार मैलांवर, दरबारात, उस्ताद अल्लादियाखाँ गात होते. 1895 साली ते कोल्हापुरात आले. त्याआधी त्यांचा आवाज गेला होता. पूर्वीसारखा परत आलाच नाही. तेव्हा उरलेल्या आवाजाला झेपेल अशी वेगळीच गायकी त्यांनी बसवली. आज तिला जयपूर-अत्रौली म्हणतात आणि केसरबाई, मोगूबाईंची नावं घेताना कानाला हात लावतात. तेव्हा ती अनोळखीच असणार की. तिकडं मिरजेत अब्दुल करीमखाँ गाठीच्या तापानं पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि उठून बसले, असं मिरजकर सांगतात. उरुसात तिथं अजून गाण्याच्या बैठकी होतात. मिरजकराला यावर शंका विचारायची नाही, जेवायला मिळत नाही मग. आमच्या घरातल्या कुणाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पणजीच्या हिशेबी गाणारा एकच, बांधावरचा.

हे सगळं आठवायचं कारण 2021.

त्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ करोनानं गेला. गावच्या भजनी मंडळाचा पखवाज त्याच्याकडं. माणसाला घरी आणता आलं नाही, रक्षाविसर्जनाला चारच जण. मंडळातले लोक फाटकाबाहेर उभे राहून हात जोडून गेले. पखवाज सोप्यातच राहिला होता. डाव्या तोंडाला त्यानं लावलेली कणीक तशीच. ती वाळली, भेगाळली, कडेनं सुटायला लागली, आणि एके सकाळी मुंग्यांची रांग त्यावरून चाललेली दिसली. त्याच्या बायकोनं, वहिनीनं, मुंग्या फडक्यानं झटकल्या, कणकेला हात लावला नाही, आणि पखवाज माळ्यावर टाकायला लावला. पहाटे कुणाच्यातरी रेडिओवर अभंग लागला की ती उठून मोटर सुरू करायची. टाकी भरून वाहायची.

जुलैत पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ते आकडे आमच्याकडं पोरंसोरंही पाढ्यासारखे म्हणतात. 2019 च्या पुरानं पोळलेली आंबेवाडीची पाव्हणी या खेपेस पाणी उंबऱ्याला लागायच्या आतच ट्रॅक्टरनं आमच्याकडं आली. घर भरलं. वहिनी दोन महिन्यांनी पहिल्यांदा चुलीपुढं नीट बसली आणि भाकरी थापायला लागली. झुणका, खर्डा, भाकरी. दोन्ही वेळा तेच. करोनाच्या भीतीनं पाव्हणी सोप्यात, आम्ही माजघरात. लाज वाटायची, पण तसंच.

त्यांच्यातलं एक पोरगं दिवसभर मोबाइल घेऊन बसलेलं. त्यानं एका संध्याकाळी एक गाणं मोठ्यानं लावलं. मुंबईची ‘स्वदेशी’ म्हणून पोरांची टोळी, आपली आपण रॅप करणारी. गाणं ‘द वारली रिव्हॉल्ट’, 2019 चं. आरेच्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर त्यांच्याबरोबर गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली होती, ते मी पेपरात वाचलं होतं. मराठीच, पण शब्द असे सुटलेले की मला निम्मे पकडता येईनात. जमीन गेली, जंगल गेलं, एवढं कळत होतं. भोईरांचा आवाज आला की सगळं थोडं थांबल्यासारखं व्हायचं.

‘हे काय गाणं म्हणायचं? भांडणच की,’ मी म्हटलं.

वहिनीचा हात परातीत होता. म्हणाली, ‘असू दे. परत लाव रे ते.’

पाव्हणी होती तोवर ते रोज संध्याकाळी लागायचं. त्यातला एक शब्दही धाकट्याच्या तोंडचा नव्हता, एकही ठेका त्याच्या बोटांचा नव्हता. वहिनीला पणजीची गोष्ट ठाऊक होती की नाही, मी विचारलं नाही. पाणी ओसरलं, पाव्हणी चिखल काढायला गेली, पोरानं जाताना वहिनीच्या फोनमध्ये ते गाणं घालून दिलं. लेकीला फोन लावायला जिला शेजारीण लागायची, ती हे गाणं मात्र स्वतः शोधून लावायला शिकली.

2022 च्या मार्चमध्ये त्या पोराचा फोन आला. ‘स्वदेशी’तला धर्मेश परमार, त्याला एमसी तोडफोड म्हणत, गेला. वय 24. वहिनीनं ऐकून घेतलं, त्याच्या आईबद्दल विचारलं, आणि म्हणाली, ‘मग ते आता नगं लावायला. दुसरं कुणाचं असंल तर धाड.’ पोरानं धाडलं. एकाऐवजी बरीच. त्यातली काही मलाही आवडली, बरीचशी नाहीत.

मे महिन्यात वर्षश्राद्ध झालं. वहिनीनं माळ्यावरून पखवाज काढायला लावला, वाळकी कणीक स्वतः खरवडली, ताजी मळून लावली आणि मंडळाला द्यायच्या आधी जेवायला आलेल्या त्या आंबेवाडीच्या पोरापुढं ठेवला. मंडळातले एक नाना कोपऱ्यात पान जुळवत बसले होते. पोरगं दहा मिनिटं बडवत राहिलं.

‘बोटं बरी हायती,’ नाना म्हणाले, ‘पर ताल कुठला म्हनायचा ह्यो?’

‘त्याचा त्यानं केलाय,’ वहिनी म्हणाली, आणि पोराला हात धुऊन पंगतीला बसायला सांगितलं.