स्वावलंबनाकडून स्वाधीनतेकडे : बर्कले येथील अपंग विद्यार्थी आणि विद्यापीठीय सेवेची घडण

भारतातील उच्च शिक्षणात अपंग विद्यार्थ्यांना मिळालेल्या स्थानाचा इतिहास बहुधा कायद्यांच्या आधारे सांगितला जातो. १९९५ च्या अधिनियमाने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या अधिनियमाने उच्च शिक्षणात हे प्रमाण पाच टक्क्यांवर नेले. या मांडणीत शासन देणारे, संस्था राबविणारी आणि विद्यार्थी घेणारा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात १९६२ नंतरच्या दीड दशकात जे घडले, ते या चौकटीत बसत नाही. तेथील सेवा विद्यार्थ्यांनी आधी कल्पिली, मग स्वतः चालवून दाखविली. तिला आधार देणारा कायदा नंतर आला. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा आणि त्यामागील विचाराचा परामर्श घेतला आहे.

अपंग विद्यार्थ्यांसाठीचा पद्धतशीर उपक्रम बर्कलेच्या आधीही अमेरिकेत होता. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेले सैनिक सरकारी खर्चाने शिक्षण घेऊ लागले, तेव्हा इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत टिमोथी न्युजंट यांनी १९४८ साली असा कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली आणि कार्यक्रम अर्बाना-शॅम्पेन येथे हलला. इमारतींना उतार, व्हीलचेअर चढविता येईल अशा बसगाड्या, व्हीलचेअरवरील बास्केटबॉल हे सारे तेथे बर्कलेच्या कितीतरी आधी होते. मात्र प्रवेशाची अट कठोर होती. मदतनिसावाचून स्वतःचा दिनक्रम पार पाडू शकेल, अशाच विद्यार्थ्याला तेथे वाव होता. मराठीत ज्याला स्वावलंबन म्हणतात, ते येथे पात्रतेची कसोटी ठरले होते.

ही कसोटी एड रॉबर्ट्स यांना लावली असती तर ते कोणत्याच विद्यापीठात पोहोचले नसते. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओमुळे त्यांचे मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले. रात्री ‘आयर्न लंग’ या अजस्र श्वसनयंत्रात झोपल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हते. माध्यमिक शिक्षण त्यांनी बव्हंशी घरी राहून दूरध्वनीच्या जोडणीद्वारे घेतले. मोटार चालविण्याचे आणि व्यायामाचे तास पूर्ण नाहीत, या कारणास्तव शाळेने त्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र अडवून धरले, तेव्हा आई झोना रॉबर्ट्स यांनी ते भांडून मिळविले. सॅन मॅटिओ येथील महाविद्यालयानंतर बर्कलेची वेळ आली, तेव्हा राज्याच्या पुनर्वसन विभागाने आर्थिक साहाय्य नाकारले. इतका अपंग माणूस कधी नोकरी करू शकणार नाही, असा विभागाचा हिशेब होता. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर विभाग नमला. तेरा वर्षांनी, १९७५ साली, राज्यपाल जेरी ब्राउन यांनी याच विभागाच्या प्रमुखपदी रॉबर्ट्स यांची नियुक्ती केली.

१९६२ साली प्रवेश मिळाला, पण राहायचे कोठे? ते अवजड यंत्र ठेवता येईल असे वसतिगृह नव्हते. विद्यार्थी आरोग्यसेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी परिसरातील कॉवेल रुग्णालयातील एक खोली निवासासाठी दिली. तेथे रॉबर्ट्स रुग्ण नव्हते, भाडेकरू होते, आणि मदतनीस निवडण्याचा वा बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. पुढच्या वर्षी पाण्यात सूर मारताना मानेला इजा झालेले जॉन हेसलर तेथे आले. त्याआधी उच्च शिक्षणासाठी ते जिल्हा रुग्णालयातून ये-जा करीत. १९६९ च्या सुमारास ही संख्या बाराच्या घरात गेली. सुरुवातीचे सर्व निवासी पुरुषच होते, ही मर्यादा नोंदवायला हवी.

या मजल्यावर रात्ररात्र चालणाऱ्या चर्चांना परिसरातील वातावरणाचेही खतपाणी होते. १९६४ चे भाषणस्वातंत्र्याचे आंदोलन याच विद्यापीठात झाले होते. विद्यार्थ्यांनी आपल्या गटाला ‘रोलिंग क्वाड्स’ असे नाव घेतले. हातपाय लुळे पडलेल्यांसाठीच्या वैद्यकीय संज्ञेचे हे थट्टेच्या सुरातले लघुरूप. गटाची पहिली मोठी चकमक पुनर्वसन विभागाच्या समुपदेशकाशी झाली. अधिक विषय घ्या, लवकर पदवी संपवा, असा तगादा लावून दोन विद्यार्थ्यांना कार्यक्रमातून काढण्याचा घाट घातला गेला. बाकीचे विद्यार्थी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, प्रकरण वृत्तपत्रांत गेले आणि बदली समुपदेशकाची झाली.

त्यानंतरचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे, जरी इतिहासकथनात त्याला क्वचितच पुरेशी जागा मिळते. रुग्णालयाबाहेर राहायचे तर नेमके काय लागेल, याचा विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासवर्गातच शोध घेतला. उत्तरे अगदी साधी निघाली. व्हीलचेअर बिघडली की आठवडाभर वर्ग बुडतात. सकाळचा मदतनीस आला नाही तर विद्यार्थी अंथरुणातच अडकून पडतो. घरमालकाच्या दाराशी तीन पायऱ्या असतात. वैद्यकीय पुनर्वसनाच्या परिभाषेत यांपैकी एकाही अडचणीला नाव नव्हते. वंचित विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी असलेल्या संघीय निधीतून सुमारे ८१ हजार डॉलर मिळाले आणि १९७० मध्ये ‘फिजिकली डिसेबल्ड स्टुडंट्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. संचालक झाले हेसलर. कचेरी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत नव्हती, ड्युरंट रस्त्यावरील एका साध्या सदनिकेत होती. तेथे मदतनिसांची यादी ठेवली जाई, सोयीची घरे शोधली जात, शासकीय भत्त्यांसाठी पाठपुरावा होई, अंधांसाठी वाचक मिळवून दिले जात. आणि तेथे व्हीलचेअर दुरुस्तीचे दुकान होते. घरात किंवा रुग्णालयात वावरण्यासाठी बनविलेल्या खुर्च्या हे विद्यार्थी चढउताराच्या शहरभर फिरवीत; त्या वारंवार मोडत. त्यामुळे येथे कारागीर समुपदेशकाइतकाच महत्त्वाचा ठरला.

येथे स्वावलंबनाचा अर्थ पालटतो. आपली कामे आपल्या हातांनी करणे हा एक अर्थ. कोणते काम कोणी, केव्हा, कसे करावे हे आपण ठरविणे हा दुसरा. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत स्वाधीनता हा शब्द अधिक नेमका आहे. १९७९ साली गर्बेन डीजाँग यांनी हा भेद एका उदाहरणाने मांडला : मदतीने पंधरा मिनिटांत कपडे घालून कामावर जाणारी व्यक्ती, स्वतः कपडे घालण्यात दोन तास घालवून घरीच राहणाऱ्या व्यक्तीपेक्षा अधिक स्वतंत्र असते. हा सिद्धान्त पुस्तकात येण्यापूर्वी ड्युरंट रस्त्यावर रोजच्या व्यवहारात होता.

विद्यार्थी नसलेले अपंग नागरिकही मदतीसाठी येऊ लागल्याने १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही वेगळी संस्था निघाली. त्याआधी, १९७१ मध्ये, नगरपरिषदेने पदपथांना उतार देण्याचे धोरण स्वीकारले होते. असे उतार प्रथम बर्कलेतच झाले, हा प्रचलित समज खरा नाही. इलिनॉयचा दाखला वर आलाच आहे. बर्कलेचे वैशिष्ट्य इतकेच की मागणी वापरणाऱ्यांची होती.

१९७३ च्या संघीय पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना भेदभाव करण्यास मनाई केली. नियम मात्र रखडले. ५ एप्रिल १९७७ पासून सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कचेरीत अपंग आंदोलकांनी जवळजवळ चार आठवडे ठाण मांडले. त्यांच्या नेत्यांत बर्कलेच्या केंद्राशी जोडलेल्या ज्युडी ह्यूमन होत्या. २८ एप्रिलला नियमांवर स्वाक्षरी झाली. त्यानंतर अशी सेवा देशभरच्या विद्यापीठांचे बंधन बनली, आणि बंधनाबरोबर प्रमाणपत्रे, अर्ज, पात्रतेच्या तपासण्याही आल्या. हक्क पक्का झाला. सेवेचा सूत्रधार मात्र अनेक ठिकाणी विद्यार्थ्याऐवजी कार्यालय झाले. हा बदल निव्वळ प्रगती म्हणून नोंदविणे इतिहासाला धरून होणार नाही.

कॉवेल रुग्णालयाची इमारत १९९३ मध्ये पाडण्यात आली. त्या जागी आज व्यवस्थापनशास्त्राचे महाविद्यालय उभे आहे. रॉबर्ट्स १९९५ मध्ये वारले. विद्यापीठाच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयाने या चळवळीतील अनेकांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित करून जतन केल्या आहेत. त्यांत नेत्यांच्या बरोबरीने झोना रॉबर्ट्स आणि व्हीलचेअर दुरुस्त करणारे कारागीरही बोलले आहेत.