उलटायचा राहिलेला पत्ता

बुद्धीच्या उपजत खोडी तपासायच्या कशा, हे आज एका जुन्या कोड्यावरून पाहू.

१९६६ साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चार पत्त्यांचं कोडं मांडलं. समजा, आपल्यासमोर पत्ते आहेत अ, क, ४ आणि ७. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा, हे ठरवायला कोणते पत्ते उलटायचे? बरेच जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. खरं उत्तर ‘अ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे काहीही निघो, नियम मोडत नाही, ‘७’च्या मागे स्वर निघाला की मोडतो.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात हेच कोडं वेष बदलून दिलं. बिअर पिणाऱ्याचं वय १९च्या वर हवं. नियम कोण मोडतंय ते शोधा. आता बहुसंख्य विद्यार्थी बरोबर आले! पुढे १९८९ मध्ये लीडा कॉस्मिडीस यांनी मांडलं, की देवाणघेवाणीतला लबाड हेरण्याची खास यंत्रणा माणसाला उत्क्रांतीनेच दिली आहे.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे कित्येक वर्षं सिद्ध झाल्यासारखं शिकवलं. ती आमची घाई होती. दोन कोड्यांत काय काय बदललं बघा. विषय ओळखीचा झाला. कामही बदललं, आधी नियमच तपासायचा होता, आता नियम मोडणारा शोधायचा होता. कॉस्मिडीस यांनी अनोळखी नियम वापरून पहिली शंका बऱ्याच अंशी दूर केली, हे त्यांचं श्रेय. पण चेंग आणि होलिओक यांनी १९८५ मध्येच म्हटलं होतं, की परवानगीचे नियम आपण अनुभवातून शिकतो. १९९५ मध्ये स्पर्बर, कारा आणि जिरोतो यांनी लबाडीचा संबंध नसतानाही, नुसती मांडणी बदलून कोडं सोपं करून दाखवलं.

म्हणून पथ्यं साधी आहेत. भाकीत आधी लिहून ठेवावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणाला खरी संधी द्यावी. आणि एका विद्यापीठातल्या पोरांवरून ‘मनुष्यस्वभाव’ ठरवू नये.

गंमत पाहा, खोड तपासायला निघालेले आम्हीच ‘४’ उलटत बसलो होतो. ‘उपजतच आहे’ म्हटलं, की शिकवण्याची जबाबदारी संपते. तेव्हा हा शब्द उच्चारण्याआधी आपला ‘७’ कोणता, हे आपण स्वतःला विचारू या.